बारा दिवसांचा साबण

सायखेडीत नलूच्या धुण्याला कोणी नाव ठेवलं असतं, तर नलूनं त्या बाईशी सहा महिने बोलणं टाकलं असतं. आणि सहा महिने तोंड मिटून बसणं नलूला जमण्यातली गोष्ट नव्हती, म्हणजे राग केवढा असता ते समजून घ्या. घाटंजीहून दोन कोसांवरचं हे गाव. गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ, नलूचं आणि तिच्या नवऱ्याचं, देवरावचं घर. अंगणात धुण्याचा काळा दगड आणि कडुलिंबापासून विजेच्या खांबापर्यंत ताणलेली दोरी. चौदा एप्रिलला मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून मिरवणुकीत निघायच्या, पण त्यात नलूचं पांढरं दुरूनच वेगळं दिसायचं. "निळीत काय टाकता वं बाई तुमी?" असं कोणी विचारलं की नलू आपले दोन्ही हात पुढे करून दाखवायची. उत्तर द्यायची तिला गरज वाटत नसे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मात्र या हातांची परीक्षा सुरू झाली. गावची विहीर आटली आणि ग्रामपंचायतीनं शाळेमागे बोअर मारली. साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा पोरांनी फटाके फोडले. पाणी दिसायला अगदी स्वच्छ. पण तुरीची डाळ त्यात दोन तास उकळली तरी दाणान् दाणा वेगळा राहायचा, आणि पाणी तापवायच्या गंजाला, म्हणजे मोठ्या पातेल्याला, आतून पांढरी खपली धरायची. पाणी खारं आहे, असं गावानं दोन दिवस म्हणून पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून निमूट भरायला लागलं.

नलूला त्रास झाला तो साबणाचा. या पाण्यात फेसच येईना. आता फेस येत नाही याचा अर्थ साबण कमी पडतो, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून नलूनं हात सैल सोडला. अर्ध्या वडीचं काम एका वडीवर गेलं, मग दीड वडीवर. कपडे तरी कडकच वाळायचे. ती म्हणायची, हल्ली साबणातच दम राहिला नाही.

अशा दिवसांत, पुढच्या जानेवारीच्या शेवटी, साधनाला मुलगी झाली. साधना ही नलूची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी यवतमाळच्या इंद्रजितला दिली होती. सहा वर्षांत दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. तिसऱ्या खेपेला सासूबाई, विमलताई, म्हणाल्या की बाळंतपण यवतमाळातच होऊ द्या, इथे दवाखाने आहेत, घरात नळ आहे. नलूनं ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, असं म्हणून ती जी अडून बसली ती हललीच नाही. खरी गोष्ट अशी की लग्न झाल्यापासून लेक तिच्याकडे दोन रात्रींच्या वर कधी राहिली नव्हती. बाळंतपणाच्या निमित्तानं सव्वा महिना मिळणार होता. नलू त्या सव्वा महिन्यावर डोळा ठेवून होती, आणि यात तिचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

घाटंजीच्या दवाखान्यातून चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. नव्या कापडाला हात लावायचा नाही, बाळाला जुनंच मऊ लागतं, म्हणून नलूनं आपलं वापरून झिरझिरीत झालेलं पांढरं लुगडं आणि देवरावचं जुनं धोतर फाडून चाळीस लंगोट आणि दहा दुपटी करून ठेवली होती. ती धुवायचं काम तिनं कोणाला दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ दगडावर बसायची. घासून घासून साबण लावायचा, पिळायचा, पुन्हा लावायचा. बाळाच्या कापडात घाण राहायला नको, म्हणून दोनदा. तिच्या मायेचं माप साबणाच्या वडीत होतं, म्हणा ना.

आठव्या-नवव्या दिवशी बाळाच्या कमरेला लाली दिसली. मग मांड्यांवर बारीक पुरळ आलं. मग पाठीवर. बाळ रडायला लागलं की थांबेना, आणि साधना त्याला छातीशी धरून त्याच्याबरोबर रडायची. नलूनं तिसऱ्यांदा साबण लावायला सुरुवात केली.

पंधराव्या दिवशी, रविवारी, विमलताई आल्या. उंच, सडपातळ बाई, शाळेत शिपायाची नोकरी करून निवृत्त झालेली, कमी बोलणारी. त्यांनी भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले, हात धुतले आणि बाळाला उघडं करून पाहिलं. पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साधना, काय खाल्लंस तू?" त्यांनी विचारलं.

"मुगाचं वरण-भातच खाते जी आई. वांगं नाई, तिखट नाई."

"मग दूध बाधतंय. दुधाशिवाय असं उठत नाही." त्यांनी दुपट्यानं बाळाला झाकलं. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता, त्याकडे त्यांची नजर गेली. "आणि हा कापूस. याच्या कुसानं मोठ्या माणसाला खाज सुटते, इथे तर कोवळं अंग. एक तर हे, नाही तर दूध."

"पाहतो जी," देवराव म्हणाला.

"येत्या रविवारी येते मी. तोवर अंग निवळलं तर ठीक. नाही तर दोघींना यवतमाळला नेते आणि बाळाला डब्याच्या दुधावर घालते." त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या गेल्या. साधनानं त्या संध्याकाळी ताट बाजूला सारलं. "मी खाल्लेलंच तिले बाधते ना माय," ती म्हणाली. नलूनं घास करून तिच्या तोंडाशी धरला तर तिनं मान फिरवली. दोन जीव हातचे गेलेली पोर ती. तिसऱ्याला आपलंच दूध नडतंय असं तिच्या मनानं घेतलं होतं आणि ते काढायचं कसं हे नलूला कळत नव्हतं.

देवराव दिवाळीपासून कापूस राखून बसला होता. भाव पडलेला, आज चढेल, उद्या चढेल, असं करत अख्खं गाव आपापल्या कापसासोबत एका छपराखाली झोपत होतं. देवराव तसा हट्टी माणूस. व्यापारी दारात येऊन गेला तरी त्यानं दाद दिली नव्हती. पण सोमवारी नलू उठली तर तो बैलगाडीत कापूस दाबून भरत होता.

"आज कायले? भाव तं उठलाच नाई," नलू म्हणाली.

"भाव उठंल तवा उठंल. पोरीचं अंग पयले." त्यानं शेवटचं ओझं टाकलं आणि बैल जुंपले. दुपारी रिकाम्या गाडीत बसून आला तेव्हा कितीला गेला हे नलूनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्यानं खोली झाडली, शेणानं सारवून घेतली आणि बाळाचा पाळणा तिथे आणून बांधला.

मंगळवारी पुरळ होतं तिथेच होतं. उलट काखेत नवं उठलं.

त्याच दिवशी धनीबाई आली. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली ही. वीस वर्षं नलू आणि ती जोडीनं कापूस वेचायच्या. एकीची ओटी भरली की दुसरी ती रिकामी करून आणायची, असं त्यांचं जमलेलं. पांढरं डोकं झालं तरी धनीबाई तिच्या जुन्या पेहरावातच असायची, आरसे जडवलेली चोळी, कांचळी म्हणतात ती, आणि घेरदार फेटिया, म्हणजे घागरा. पदरात गूळ-खोबरं बांधून बाळंतिणीला पाहायला आली होती. अंगणातून येता येता तिनं दोरीवरच्या लंगोटाला हात लावला आणि तिथेच थांबली.

"नलूबाई, हे लंगोट हाय का पापड?"

नलूच्या कपाळाची शीर उडाली. दुसरं कोणी असतं तर सहा महिन्यांचा अबोला तिथेच सुरू झाला असता. "तीनदा साबण लावून राह्यली मी," ती म्हणाली. "तीनदा! गावात कोन लावते इतका?"

"थेच तं पाहून राह्यली." धनीबाईनं लंगोट ओढून काढला, दोन बोटांत चोळला आणि बोटं नलूसमोर धरली. बोटांवर पांढरट पीठ होतं. "लेकराच्या अंगावर काई उठलं का?"

नलूनं तिच्या हातून लंगोट ओढून घेतला आणि उगाच झटकला. तेवढ्यावरून धनीबाई काय ते समजली. आत गेली, बाळाला पाहिलं, साधनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा बाहेर येऊन दगडावर बसली. आपल्या कांचळीवरचा एक आरसा तिनं बोटानं दाखवला.

"हे पाह्य. काल धुतली हे. हाय का डाग?"

"नाई."

"आमच्या तांड्यातला हापसा पयलेपासून खारा. तुमच्या हिरीले गोड पाणी होतं, तुमाले काय ठाव खारं पाणी कसं धुवावं लागते? खाऱ्या पाण्यात कांचळी धुतली का आरसा आंधळा होते. पांढरे डाग बसते. माही याडी, माय माही, सांगत जाय का आरसा आंधळा झाला तं समजजो, कापडातबी थेच बसलं हाय. कापडावर दिसत नाई, आरशावर दिसते. येवढंच."

तिनं नलूचा केस विंचरायचा आरसा मागून घेतला. बादलीतल्या पाण्याचा एक थेंब त्याच्यावर सोडून आरसा उन्हात ठेवला. मग तिनं पाणी तापवायचा गंज पालथा करून नखानं आतली खपली उचकटली. वाटाण्याएवढा पांढरा तुकडा तिच्या तळहातावर आला.

"हे कुठून आलं?"

"पाण्यातून. दर आठवड्याले घासते मी इटकरीनं."

"गंजात बसते तं लंगोटात नाई बसन का? अन् साबण हाय ना, थो याच्यासंगं चिकटते. चिकट होऊन धाग्यात बसते. मंग तू खंगाळ किती बी. जितका साबण, तितकं चिकट. वाळलं का पापड."

नलूला हे पटलं नाही. पटवून घ्यायचं तिच्या मनातही नव्हतं, कारण पटलं तर पुढचं फार वाईट होतं. ती म्हणाली, "साबणानं कुठं अंग उठते? साबणानं तं साफ होते."

"बरं, लावू नको मंग साबण. नुसतं पाह्य."

धनीबाईनं गंजात पाणी उकळायला लावलं. उकळून झाल्यावर उतरवून ठेवलं आणि कोणालाही त्याला हात लावू दिला नाही. पाणी निवून तळाला पांढरा गाळ बसला, तेव्हा पेल्यानं वरचं वरचं पाणी काढून दुसऱ्या बादलीत घेतलं, ते पुन्हा कढत केलं आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकला. त्यात दोरीवरचे धुतलेले, वाळलेले, पांढरेशुभ्र दहा लंगोट बुडवले. अर्ध्या तासानं नलूला म्हणाली, "आता चोळ."

नलूनं चोळलं. साबणाचा कण लावलेला नव्हता. पण पाणी आधी गढूळलं, मग दाट झालं, आणि तिच्या दोन्ही हातांमधून फेस वर यायला लागला. राखाडी, बुळबुळीत, मध्ये मध्ये दह्यासारखे कण असलेला फेस. तिनं पिळलं की आणखी यायचा. बारा दिवस तिनं सकाळ-संध्याकाळ जीव ओतून लावलेला साबण बादलीत तरंगत होता. तो कुठेही गेला नव्हता. तो सगळाच्या सगळा तिच्या नातीच्या अंगाला बांधलेला होता.

आरशावरचा थेंब एव्हाना वाळला होता. त्या जागी पांढरं गोल कडं उरलं होतं.

नलू उकिडवी बसली होती ती जमिनीवर टेकली. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. "माह्याच हातानं," ती म्हणाली. "थे पोरगी जेवत नाई. यायनं कापूस इकून टाकला. अन् सारं माह्या हातानं."

"हातानं कायले?" धनीबाई म्हणाली. "पाणी बदललं, हाताले कोनी सांगतलंच नाई. ऊठ. आता रिठे फोड. रिठ्याचा फेस खाऱ्या पाण्यात बी येते अन् चिकटत नाई."

नलू उठली. पण दगडाकडे जायच्या आधी ती आत गेली आणि साधनासमोर ताट ठेवून बसली. "तुह्या दुधाचं काईच नाई," तिनं सांगितलं. "साबण माहा होता. जेव आता, नाई तं मी बी जेवत नाई." साधनानं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाहेरच्या बादलीकडे, आणि बऱ्याच वेळानं भाकरीचा तुकडा मोडला.

तेव्हापासून घरातला सगळा कारभारच बदलला. संध्याकाळी पाणी उकळायचं, झाकून ठेवायचं, आणि सकाळी तळ न हलवता वरचं पाणी काढायचं. लंगोट आधी सोड्याच्या कढत पाण्यात, मग रिठ्याच्या फेसात, मग निवळलेल्या पाण्यात दोनदा. शेवटच्या बादलीत लिंबाचे चार थेंब, आणि त्यावर आणखी एक साधी बादली. हे सगळं कळून घ्यायला नलूला एक दिवस लागला, पण हात आखडायला फार जड गेलं. साबणाच्या वडीकडे हात आपोआप जायचा. शेवटी तिनं वडी देवरावच्या हवाली केली. "मले देऊ नका, मांगतली तरी," असं बजावून सांगितलं.

एवढं पाणी उकळायचं म्हणजे जळण लागणार. देवराव शेतातून पऱ्हाटीचे भारेच्या भारे आणून चुलीपाशी टाकायचा. वेचून रिकाम्या झालेल्या कापसाची ती झाडं तडतडून जळायची. कापूस वाया गेला असं नलू एकदा बोलून गेली, तर तो म्हणाला, "घर मोकळं झालं. नाई तं पाळणा कुठं बांधला असता?" एवढ्यावर त्यानं विषय संपवला. नलूनं मग पुन्हा काढला नाही. पण भाकरी वाढताना त्याच्या ताटात एक जास्त पडायला लागली.

रोज ती शेवटच्या पाण्याचा थेंब आरशावर सोडून उन्हात ठेवायची. बुधवारी डाग पडला, फिका. गुरुवारी त्याहून फिका. शुक्रवारी डोळ्यांजवळ नेऊन पाहावं लागलं. गुरुवारपासून बाळाला नवं पुरळ आलं नव्हतं. शनिवारी पाठ निवळली, मांड्यांवर नुसती गुलाबी सावली उरली. त्या दुपारी बाळ सलग तीन तास झोपलं आणि त्याच्या शेजारी साधनाही झोपली. नलू दोघींकडे पाहत दारात बसून राहिली. तिला वाटलं, आता सव्वा महिना आपला.

रविवारी विमलताई काळीपिवळी जीपमधून उतरल्या त्या हातात पिशवी घेऊनच. पिशवीतून दुधाच्या डब्याचं झाकण दिसत होतं. त्यांनी तसबिरींना हात जोडले, हात धुतले, बाळाचं दुपटं सोडलं. बाळानं पाय झाडले. विमलताईंनी त्याला पालथं घेऊन पाठीवरून तळहात फिरवला आणि मग त्यांच्या तोंडून मोठा श्वास सुटला.

"निवळलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "कापूस हलवला वाटतं. बघा, म्हणजे कापसाचंच होतं. मी म्हटलंच होतं."

देवरावनं नलूकडे पाहिलं नाही. तो पटकन म्हणाला, "हो जी, कापसाचंच असीन. माहीच चुकी झाली, पयलेच हलवाले पायजे होता."

किती सोपं होतं आता! दुधावरचा ठपका गेला होता, साधना सुटली होती, नलूच्या धुण्याचं नावही कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. पाच दिवसांपासून चुलीत फुंकर घालून ज्याचे डोळे लाल झाले होते तो माणूस सगळा आळ आपल्या डोक्यावर घेऊन निवांत उभा होता. नलूनं फक्त चहा ठेवायचा होता. ती चुलीकडे गेलीसुद्धा. मग परत आली.

"कापसाचं नव्हतं इहीनबाई," ती म्हणाली. "यायनं उगाच इकला कापूस. माह्या धुण्यानं झालं थे."

"म्हणजे?"

नलूनं सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, न येणारा फेस, तीनदा लावलेला साबण, पापडासारखे लंगोट, बादलीतून निघालेला बारा दिवसांचा साबण. धनीबाईचं नाव सांगितलं. सांगताना तिची नजर खाली होती. "तुमी म्हणान, अशा हातात लेकरू कसं ठेवू. नेता तं न्या. पण साधनाचं दूध नका तोडू. थे साफ हाय."

 साधनानं बाळाला जवळ ओढून घेतलं. देवरावला उभं राहावं की बसावं ते कळेना.

"लंगोट दाखवा," विमलताई म्हणाल्या.

नलूनं दोरीवरचा आणून दिला. त्यांनी तो हातात घेतला, दुमडला, गालाला लावून पाहिला. मग भलतंच काहीतरी विचारावं तसं विचारलं, "या पाण्यात डाळ शिजते?"

"नाई जी. दोन दोन तास उकळली तरी दाणा तसाच राह्यते. तुरीची तं शिजतच नाई."

"आमच्या त्या विहिरीच्या पाण्यातही शिजत नव्हती," विमलताई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. लंगोट त्यांच्या मांडीवर होता आणि त्यावरून त्यांचा हात फिरत होता. "ढाणकीच्या बाजूला सासर होतं माझं. इंद्रजित तिथेच झाला, फाल्गुनात. असंच उठलं त्याला. सगळ्या अंगावर. सासूबाई म्हणाल्या, हिचं दूधच वाईट आहे. सगळ्या गावानं तेच म्हटलं. दीड महिन्याचं लेकरू माझ्यापासून तोडलं आणि शेळीच्या दुधावर घातलं. मी गोठ्यामागे जाऊन दूध पिळून मातीत टाकत होते." त्यांनी मांडीवरच्या लंगोटाची कड सरळ केली. "कपडे मीच धुवायचे. सासूबाईंनी आणखी नाव ठेवू नये म्हणून दाबून साबण लावायचे."

"मंग शेळीच्या दुधानं गेलं थे?" नलूनं हळूच विचारलं.

"नाही. तेव्हा नाही गेलं. मृग लागला तेव्हा गेलं. पन्हाळीखाली गंज लावले होते, त्या पाण्यात धुणं व्हायला लागलं. आठ दिवसांत अंग साफ. सगळे म्हणाले, शेळीचं दूध मानवलं." विमलताईंनी वर पाहिलं. एवढी ताठ बाई, पण यवतमाळच्या तीस वर्षांत टाकलेली बोली आता आपोआप तिच्या तोंडी आली. "तवरक माहं दूध आटलं होतं वं बाई. मंग माहं दूध चांगलं होतं का?"

"चांगलंच होतं," नलू म्हणाली. तिनं विमलताईंचा हात धरला. पहिल्यांदाच धरला. "तुमचं दूध चांगलं होतं जी. पाणी खारं होतं."

विमलताई रडल्या. तीस वर्षांचं होतं, लगेच थांबलं नाही. साधना बाळाला घेऊन त्यांच्याजवळ सरकली आणि बाळाला प्यायला घेतलं. विमलताईंनी डोळे पुसून आपला पदर पुढे ओढला आणि बाळाच्या तोंडावर येणारं ऊन अडवलं. बाळ पोट भरेपर्यंत त्यांनी तो तसाच धरला होता.

त्या दिवशी त्या परत गेल्या नाहीत. दुधाचा डबा पिशवीतच राहिला. दुपारी त्यांनी नलूकडून रिठे फोडायचे शिकून घेतले आणि दगडावर बसून आठ लंगोट धुतले. त्यांचा हात साबणाच्या वडीला शोधत होता, हे नलूला दिसत होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी पिशवीतला मोबाइल वाजला. इंद्रजित होता. आई अजून का आली नाही, साधनाला आणतेय का, बाळ कसं आहे, असे त्याचे प्रश्न एकावर एक चालले होते. विमलताईंनी ते सगळे ऐकून घेतले.

"बाळ बरं आहे," त्या म्हणाल्या. "साधना इथेच राहील, सव्वा महिना पुरा होईपर्यंत. मी परवा येते." मग त्यांनी बाहेर पाहिलं. अंगणात दोरीवर लंगोट हलत होते. "अन् बाबू, ऐक. तू लहान होतास ना, तवा तुह्या अंगावर उठलं होतं. थे माह्या दुधानं नव्हतं रे."

पलीकडून तो काहीतरी विचारत होता. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

"काही नाही," विमलताई म्हणाल्या. "नुसतं सांगितलं तुला."